सॉफ्टवेअर म्हणतं ८७ टक्के, मुलगी म्हणते मीच लिहिलं. कुणाचं खरं धरायचं?

वाळपईची टीचर

नमस्कार. जरा लांब लिहिणार आहे, आधीच सांगते, कारण आठ दिवस झाले ही गोष्ट डोक्यातून जात नाही आणि इथे कॉम्प्युटरवाले, पोलिसातले, शिकवणारे सगळ्या प्रकारचे लोक आहेत म्हणून विचारतेय.

मी गोव्यात सत्तरी तालुक्यात एका हायस्कूलात मराठी शिकवते, शाळेचं नाव नको. माझे मिस्टर पोलीस खात्यात हवालदार आहेत. आमच्याकडे नववीत एक मुलगी आहे, हुशार पण गप्प गप्प असते, चौथीपर्यंत वाड्यावरच्या सरकारी मराठी शाळेत शिकली आणि पाचवीपासून इंग्लिश मीडियम, आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं ना. इंग्लिशच्या सरांनी गावातल्या एका धंद्यावर दोन पानं लिहायला सांगितली होती, मोबाइलवर टाइप करून पाठवायची होती. हिच्या आजोबांची काजूच्या दारूची भट्टी आहे, तिने त्यावर लिहिलं. बोंडू (काजूची फळं) झाडावरचे काढायचे नाहीत, खाली पडलेलेच वेचायचे, ते तुडवायचे कसे, त्यांचा रस, म्हणजे नीरो, कसा गळतो, तो उकळायच्या भाणाखाली आच किती ठेवायची, आधी हुर्राक येतो मग फेणी, सगळं. इंग्लिश एकदम साधं, वाक्यं छोटी छोटी, पाठ्यपुस्तकात असतात तशी.

सरांनी ते कुठल्यातरी फुकट वेबसाइटवर घातलं, एआयने लिहिलंय की माणसाने ते सांगणारी असते तसली. तिथे आलं ८७ टक्के एआय. मग वर्गात सगळ्यांसमोर उभी करून, खरं सांग कुठून घेतलंस. ती म्हणाली मीच लिहिलं. सर म्हणाले, मग कॉम्प्युटर खोटं बोलतो का? शून्य मार्क आणि पालकांना बोलावणं. बाप दुसऱ्याच्या बागायतीत रोजावर जातो, एक दिवसाचा रोज बुडवून आला, हात जोडून उभा राहिला आणि मुलीलाच म्हणाला की सर सांगतात म्हणजे केलं असशील, माफी माग. तिने मागितली. मला ते बघवलं नाही. स्टाफरूममध्ये विषय काढला तर, तुम्ही मराठीच्या, तुम्हाला यातलं काय कळणार.

त्याच आठवड्यात मिस्टर एका ट्रेनिंगहून आले. तिथे त्यांना दाखवलं की कॅमेऱ्यातला चेहरा रेकॉर्डमधल्या फोटोंशी जुळवून सॉफ्टवेअर टक्के सांगतं. ते खूश होते, म्हणाले जत्रेत पाकीटमार लगेच सापडेल. मी विचारलं, ८७ टक्के आलं आणि माणूस भलताच निघाला तर? म्हणाले विचारपूस करून सोडून देऊ. मी म्हटलं सोडून द्याल हो, पण वाड्यावरच्या लोकांसमोर जीपमध्ये बसवून नेलेलं परत कसं फिरवणार? त्यावरून आमचं बरंच वाजलं. पण मला खरंच वाटतंय की दोन्हीकडे एकच चाललंय. मशीन टक्के सांगतं आणि माणूस त्याचा निकाल करून टाकतो. या टक्क्यांचा अर्थ तरी काय असतो? आणि मी शाळेत नक्की काय मागू, कारण नुसतं मला वाईट वाटलं म्हणून कुणी ऐकणार नाही.

कोड_पर्वरी

टीचर, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, भाषेचे मॉडेल हेच माझं रोजचं काम. हे सगळं त्या सरांना वाचायला द्या.

ती वेबसाइट 'कुणी लिहिलं' हे तपासतच नाही, तिला ते कळण्याचा मार्गच नाही. ती मुख्यतः एवढंच बघते की वाक्यात पुढचा शब्द कितपत सहज ओळखता येतो. शब्द अपेक्षेप्रमाणे पडत गेले, वाक्यं एकसारख्या लांबीची असली की ती म्हणते एआय, आणि शब्द अनपेक्षित, वाक्यं वेडीवाकडी असली की म्हणते माणूस. आता तुम्हीच विचार करा, मराठी शाळेतून आलेली मुलगी पाचवीपासून इंग्लिश शिकली, तिच्याकडे शब्द मोजके, तिला शिकवलंच तसं की छोटं वाक्य लिही, चूक करू नको. ती नीट शिकली म्हणून अडकली.

हे माझं मत नाही, तपासलेलं आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी असे सात डिटेक्टर घेतले आणि त्यांना टोफेल परीक्षेचे ९१ निबंध दिले, म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही अशा माणसांनी स्वतः लिहिलेले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांचे निबंध दिले तर तिथे जवळपास सगळे बरोबर ओळखले. म्हणजे चूक सगळीकडे सारखी पडत नाही, ती आपल्यासारख्यांवरच पडते.

दुसरं, चॅटजीपीटी ज्यांनी बनवलं त्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं ओळखणारं टूल काढलं होतं. त्यांचेच आकडे असे की एआयने लिहिलेल्या मजकुरातला फक्त २६ टक्के पकडला जायचा आणि माणसाने लिहिलेल्यातला ९ टक्के उगाच अडकायचा. जुलैमध्ये त्यांनी ते बंद केलं, अचूकता कमी आहे म्हणून. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिन नावाच्या कंपनीचा एआय डिटेक्टर वापरणं बंद करून टाकलं. ९ टक्के म्हणजे किती ते वर्गात मोजा, ४० मुलं असली आणि एकानेही कॉपी केली नाही तरी तीनचार जण चोर ठरणार, दर निबंधाला.

आणि ८७ टक्के याचा अर्थ 'मुलीने फसवलं असण्याची शक्यता ८७ टक्के' असा होत नाही, कधीच होत नाही. कशाचे टक्के ते बहुतेक वेबसाइट धड सांगतही नाहीत. सरांना म्हणावं एकदा स्वतःची जुनी परिपत्रकं घालून बघा त्यात, जी चॅटजीपीटी यायच्या आधी लिहिली होती.

अजून एक, मुलांचं लिखाण नावासकट असल्या वेबसाइटवर घालू नका. ते कुठे साठवलं जातं आपल्याला माहीत नसतं, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती हा मुद्दा मुद्दाम घातलेला आहे.

मडगावचे सर

कोड_पर्वरी, आकडे मान्य. पण शिकवणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा जरा. माझ्याकडे तीन तुकड्या, एकेकात पंचेचाळीसच्या वर मुलं. गेल्या वर्षी पर्यावरणावर प्रोजेक्ट दिला तर चौदा जणांचा शेवटचा परिच्छेद शब्दाला शब्द एकच, आणि त्या मुलांना विचारलं 'बायोडायव्हर्सिटी' म्हणजे काय तर माना खाली. ज्याने रात्री जागून स्वतः लिहिलं त्याला ५ पैकी ३ आणि ज्याने दोन मिनिटांत काढून घेतलं त्याला ५, हा पण अन्यायच आहे, आणि हा मी रोज बघतो. त्यामुळे त्या सरांचा मला राग आला तरी त्यांची अडचण मला कळते. वर्गात उभं करून बोलले ते चूकच, त्याला माफी नाही.

मी स्वतः डिटेक्टर सोडून दिला. आता घरी लिहून आणा म्हणत नाही. पहिला कच्चा खर्डा वर्गात, हाताने, पस्तीस मिनिटांत. मग घरी जाऊन सुधारून आणा, तेव्हा हवं ते वापरा. नंतर प्रत्येकाला तीन मिनिटं समोर बसवून दोन प्रश्न. वेळ जातो, फार वेळ जातो, पोर्शन मागे पडतो, हेडमास्तर ओरडतात. पण ज्याने लिहिलंय तो तीन मिनिटांत कळतो आणि ज्याने नाही तो एका मिनिटात.

टीचर, त्या मुलीला कुणी एकदा तरी विचारलं का की भाणाखाली आच जास्त झाली तर काय होतं?

काणकोणची

मी एफवाय बीएससीला आहे. मला वाटतं इथे सगळे एआय म्हणजे कॉपी एवढंच बोलतायत म्हणून लिहिते.

माझे बाबा मासेमारी करतात, पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा घरात पैसे नसतात, ट्यूशन हा विषयच नव्हता आमच्याकडे. अकरावीत फिजिक्स सुरू झालं आणि मला काही म्हणजे काही समजेना, वर्गात हात वर करायची लाज वाटायची. दादाच्या फोनवर मी एआयला मराठीत विचारायला लागले, टॉर्क म्हणजे काय, मग म्हणायचे अजून सोपं करून सांग, मग म्हणायचे विहिरीच्या रहाटाचं उदाहरण देऊन सांग. रात्री साडेअकराला सातव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी ते चिडत नाही. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती. कोंकणीतून विचारलं तर तेव्हा उत्तर गडबडीचं यायचं, मराठीतून बरं यायचं.

पण खरं सांगायचं तर बारावीच्या प्रिलिमच्या आधी मी आळस करून सगळी गणितं त्यालाच सोडवायला लावली आणि फक्त वाचत गेले, वाचताना सगळं समजतंय असं वाटायचं, पेपरात हातच चालेना. म्हणजे दोन्ही मी अनुभवलंय.

कोड_पर्वरी

काणकोणची, तू जे सांगतेस त्यावर नेमका प्रयोग झालेला आहे. तुर्कस्तानात जवळजवळ हजार हायस्कूलच्या मुलांवर, गणितात. काही मुलांना साधं चॅटजीपीटीसारखं टूल दिलं, काहींना असं टूल दिलं की जे उत्तर देत नाही, फक्त पुढची पायरी सुचवतं, आणि काहींना काहीच नाही. सरावाच्या वेळी साधं टूलवाल्यांनी ४८ टक्के जास्त चांगलं केलं. मग टूल काढून घेऊन परीक्षा घेतली तर तीच मुलं, ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के मागे. आणि जे फक्त इशारे देत होतं त्यातली मुलं सरावात दुपटीहून पुढे गेली आणि परीक्षेतही मागे पडली नाहीत. म्हणून एआय द्यायचं की नाही हा प्रश्न मला अर्धवट वाटतो, ते उत्तर हातात ठेवतं की तुला करायला लावतं त्यावर सगळं आहे. शाळांमध्ये टूल घेताना हे कुणी विचारत नाही, डॅशबोर्ड किती रंगीत आहे ते बघतात.

फोंडा_निवृत्त

टीचर, तुमच्या मिस्टरांचं आणि तुमचं भांडण वाचलं. मी खात्यात ३१ वर्षं काढली, बराचसा काळ तपासात, त्यामुळे मिस्टरांच्या बाजूनेही थोडं बोलतो आणि तुमच्याही.

पोलिसाला हे टूल नको असं मी म्हणणार नाही. आमच्या वेळी मंगळसूत्र ओढून पळालेल्या मोटरसायकलचा शोध घ्यायचा म्हणजे पेट्रोल पंप, बार, हॉटेल असं दारोदार फिरून फुटेज मागायचं आणि दोन हवालदार चार दिवस डोळे फोडून बघत बसायचे. आज नंबर प्लेट ओळखणारा कॅमेरा पत्रादेवीपासून पोळेपर्यंत, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, गाडी कुठून गेली ते काही मिनिटांत काढू शकतो. ऑनलाइन फसवणुकीत पैसे वीस खात्यांतून फिरवतात, ते जाळं माणसाने कागदावर मांडायचं तर महिना जातो. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये नागपुरात मार्व्हल नावाची कंपनीच काढली पोलिसांसाठी एआय करायला, म्हणजे आपल्याकडेही हे सगळं येणारच आहे, आपल्या मेरशीच्या जंक्शनवर एआयवाली सिग्नल यंत्रणा २०२३ लाच बसली.

पण तपासात दोन शब्द आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे, धागा आणि पुरावा. खबऱ्याने कानात सांगितलं तो धागा. त्यावरून कुणाला आत टाकत नाहीत, त्यावरून तपास सुरू करतात. सॉफ्टवेअरचं जुळलं हे खबऱ्याने सांगितल्यासारखं आहे, आणि खबरी सुद्धा कधी दारूत असतो, कधी कुणाचा सूड उगवत असतो.

एक गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. साक्षीदार म्हणाला की मी चोराला ओळखतो, तरी आपला कायदा त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही. ओळख परेड घेतात, मॅजिस्ट्रेटसमोर, संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या पाच सहा जणांत मिसळून उभा करतात आणि मग म्हणतात दाखव. का? कारण माणसाचा डोळा चुकतो हे शंभर वर्षांचा अनुभव सांगतो. मशीनचा डोळाही चुकतो, पण त्याची परेड कोण घेतो? माहितीच्या अधिकारात दिल्ली पोलिसांनीच २०२२ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडे ८० टक्क्यांच्या वर साम्य आलं की जुळलं असं धरतात. हा ८० कुठून आला, कुणी ठरवला? जत्रेला पन्नास हजार माणूस धरा आणि मशीन हजारात एकदाच चुकतं असं धरा, तरी पन्नास निरपराध माणसं एका रात्रीत. आणि खरे पाकीटमार असतील तीन.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या पोलिसांनी जानेवारी २०२० ला रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला घरासमोर, त्याच्या बायकोमुलींच्या देखत बेड्या घातल्या. दुकानातल्या चोरीचं अंधुक फुटेज होतं, सॉफ्टवेअरने त्याच्या जुन्या लायसन्सच्या फोटोशी जुळवलं. तीस तास आत होता. चोर तो नव्हताच. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि आता तिथल्या पोलिसांना फक्त चेहरा जुळला म्हणून अटक करता येत नाही, वेगळा स्वतंत्र पुरावा लागतो. म्हणजे जीपमध्ये बसवून नेलेलं परत कसं फिरवणार हा तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्या माणसाच्या मुलींनी ते बघितलं ते कुठल्याच तडजोडीने पुसत नाही.

दुसरं, पुढचा गुन्हा कुठे होणार हे सांगणारी सॉफ्टवेअर. याला माझा विरोध आहे. नाकाबंदी जिथे लावाल तिथेच केस मिळते हे प्रत्येक हवालदाराला माहीत आहे. म्हापशाच्या एका नाक्यावर रोज उभे राहिलात तर वर्षअखेर त्या नाक्यावर सगळ्यात जास्त दारू पिऊन गाडी चालवणारे, आणि जिथे कधी गेलाच नाहीत ते नाके कागदावर स्वच्छ. तेच रजिस्टर मशीनला शिकवलं की ते म्हणणार परत तिथेच जा. कॅलिफोर्नियात सांता क्रूझने हे बरीच वर्षं वापरून २०२० मध्ये कायद्यानेच बंद केलं. आपल्याकडे याचा मार कुठे बसेल ते सांगायला नको, भाड्याच्या खोल्यांत राहणारे बाहेरगावचे मजूर, आधीच त्यांच्याकडे पहिली नजर जाते.

आणि जबानी. बोललेलं आपोआप टाइप होणार म्हणतात. आमच्याकडे माणूस अर्धं कोंकणी, अर्धं मराठी, मध्येच पोर्तुगीज शब्द असं बोलतो. ओपनएआयचं व्हिस्पर, बोललेलं लिहून काढणारं, २०२२ ला आलं तेव्हा त्याच्या भाषांत मराठी होती, कोंकणी नव्हती. म्हातारी म्हणाली 'पोरूं' भांडण झालं, म्हणजे गेल्या वर्षी, आणि मशीनने मराठी समजून 'पोरं' लिहिलं तर भांडणात मुलं घुसली ना. जबानी माणसाला वाचून दाखवून खात्री करायची ही जुनी पद्धत आहे, ती मशीन आलं म्हणून गाळू नका एवढंच तुमच्या मिस्टरांना सांगा.

दोडामार्ग ते म्हापसा

काकांनी बाहेरगावच्यांचं लिहिलं म्हणून माझं सांगतो. मी दोडामार्गहून रोज म्हापशाला कामाला येतो, दुकानात आहे. गेल्या साली मोबाइलवर चलन आलं, हेल्मेट नाही म्हणून, अशा रस्त्यावरचं जिथे मी जन्मात गेलो नाही, आणि त्या दिवशी माझी स्कूटर गॅरेजला होती इंजिन उघडून. दंड फार मोठा नव्हता, पण माझा एक दिवसाचा पगार गेला असता. मित्र म्हणाले भरून टाक, कशाला नाद. मी फोटो उघडून बघितला तर स्कूटर दुसऱ्याच रंगाची, आणि नंबरातला ८ चा कॅमेऱ्याने ३ केलेला, प्लेटवर चिखल होता. दोन वेळा सुट्टी काढून ऑफिसात गेलो. पहिल्यांदा तिथला माणूस बघायलाच तयार नव्हता, सिस्टिममध्ये आलंय म्हणजे तुमचीच. दुसऱ्यांदा वेगळा माणूस होता, त्याने फोटो मोठा करून बघितला आणि दोन मिनिटांत काढून टाकलं.

मला हे सांगायचं आहे की माझ्याकडे फोटो होता. चलनासोबत फोटो येतो म्हणून मी दाखवू शकलो की बघा ही माझी गाडी नाही. त्या मुलीला काय दिलं? फक्त ८७. त्या आकड्याशी ती भांडणार कशी? आणि तिला दोनदा जायला सांगणारं ऑफिस पण नाही, एकच सर, आणि त्यांनीच आरोप केला नि त्यांनीच शिक्षा दिली.

डिचोलीकर

दोडामार्गच्या भावाने नेमकं पकडलं.

एक वेगळा मुद्दा. माझं गाव शिरगावच्या जवळ. मे २०२५ मध्ये लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, आम्ही त्या रात्री तिथेच होतो. तेव्हापासून मला वाटतं की कॅमेरे आणि एआय गर्दीसाठी वापरायचे असतील तर चेहरे कशाला ओळखायचे? डोकी मोजा. उतारावर किती माणूस जमला, दर मिनिटाला किती वाढतोय, कुठली वाट बंद करायची, हे सांगायला कुणाचंच नाव लागत नाही. नाव न विचारता जीव वाचवता येतो. पण मोजून झाल्यावर ऐकणारा अधिकारी लागतो, तो नसला तर काही उपयोग नाही. कुंभात २०२५ ला एआय कॅमेरे लावले होते, तरी २९ जानेवारीला चेंगराचेंगरी झालीच.

फोंडा_निवृत्त

डिचोलीकर, शंभर टक्के. आम्ही जत्रेचा बंदोबस्त लावायचो तेव्हा वरिष्ठ विचारायचे पाकीटमार किती पकडले. वाट किती वेळा मोकळी केली हे कुणी कधी विचारलं नाही.

कोड_पर्वरी

टीचर, तुम्हाला शाळेत मागायला काहीतरी ठोस हवं होतं ना. युरोपने २०२४ मध्ये एआयचा कायदा केला. त्यात ज्या वापरांना जास्त जोखमीचे म्हटलंय त्या यादीत शिक्षण आणि पोलीस दोन्ही आहेत. परीक्षा तपासणं, विद्यार्थी कॉपी करतोय का यावर नजर ठेवणं, पुराव्याची विश्वासार्हता ठरवणं, हे सगळं. तुम्ही म्हणालात ना दोन्हीकडे एकच चाललंय, तर कायदा करणाऱ्यांनाही तेच दिसलं. मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनात काय चाललंय ते ओळखणारी यंत्रं तर तिथे शाळांत फेब्रुवारी २०२५ पासून बंदच केली, आजारपण वा सुरक्षिततेचं कारण सोडलं तर. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण हेडमास्तरांसमोर ठेवायला उपयोगी पडेल. आणि ब्रिटनचं सांगा, २०२० मध्ये कोविडमुळे परीक्षा झाल्या नाहीत म्हणून ए लेव्हलचे, म्हणजे आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे, ग्रेड गणिती सूत्राने दिले, शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी ४० टक्क्यांच्या आसपास खाली आले, मुलाची शाळा आधी कशी होती ते बघून. मुलं रस्त्यावर आली आणि चार दिवसांत सरकारला मागे घ्यावं लागलं.

वाळपईची टीचर

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

मी प्रिंट काढून हेडमास्तरांकडे गेले, स्टॅनफर्डचं आणि ओपनएआयने स्वतःचं टूल बंद केलं ते दोन मुद्दे फक्त, बाकीचं ठेवून दिलं, कारण जास्त नेलं की कुणी वाचत नाही. आणि मडगावच्या सरांनी विचारलं होतं तसं म्हटलं, मुलीला बसवून विचारू या, मी, हेडमास्तर आणि इंग्लिशचे सर. ती घाबरून पहिली पाच मिनिटं बोललीच नाही. मग मी कोंकणीतून विचारलं, आजोबा भाणाखाली आच कशी धरतात गे? तेव्हा ती जी सुटली ती थांबेना, आच वाढली की रस उतू जाऊन नळीतून येतो आणि अख्खी भट्टी बिघडते, आजोबा रात्री दोनदा उठून लाकडं मागे ओढतात, एकदा हिच्यावर सोपवून झोपले तर तिने बिघडवली आणि दुसऱ्या दिवशी ती घरात कुणाशी बोलली नव्हती. मग तिने कागद मागून भाणाचं चित्र काढलं, नळी, थंड पाण्याचं मडकं, सगळं. हेडमास्तर म्हणाले ही गोष्ट निबंधात का नाही लिहिलीस? म्हणाली, सर, त्याचं इंग्लिश मला येत नाही.

इंग्लिशच्या सरांनी मार्क दिले, १० पैकी ८. मला स्टाफरूममध्ये सॉरी पण म्हणाले आणि ते मनापासून होतं, त्यांच्याकडेही दोनशेच्या वर वह्या असतात हे मला माहीत आहे. पण मी त्यांना सांगितलं की आरोप वर्गात केलात तर मागेही वर्गातच घ्या. त्यावर ते अजून काही बोलले नाहीत. हेडमास्तर म्हणतात आता मिटलंय ना टीचर, कशाला वाढवता. माझ्या मते मिटलेलं नाही, त्या वर्गातल्या चाळीस मुलांसाठी ती अजून कॉपी करणारीच आहे, आणि बापाचा रोज बुडाला त्याचं कुणी बोलतच नाही. त्या बापाला मी येत्या रविवारी घरी जाऊन सांगून येणार आहे की मुलीने काही केलं नव्हतं.

मिस्टरांना मी फोंड्याच्या काकांचं सगळं वाचून दाखवलं. ओळख परेडचं ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले ट्रेनिंगमध्ये कुणीतरी हात वर करून विचारलं होतं की चुकीचं जुळलं तर त्याची नोंद कुठे करायची, आणि शिकवणारा म्हणाला होता तो रकाना फॉर्ममध्ये नाही. आता ते म्हणतात पुढच्या सेशनला मीच परत विचारतो.

सोमवारी नववीवर माझा तिसरा तास आहे, इंग्लिशच्या सरांचा चौथा. मी त्यांना म्हटलंय की तास संपला तरी मी वर्गातच थांबेन.